मोल म्हणजे नक्की काय मोजतात? अकरावीच्या पोरीला समजावून सांगायचंय

सावदेकर
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा अकरावी सायन्सला गेली, केमिस्ट्रीचा पहिलाच धडा आणि त्यातच हा मोल. नववीला द्रव्याचे मोजमाप या धड्यात थोडा होता म्हणते पण तेव्हा व्याख्या पाठ करून भागलं. आता गणितं सुरू झालीत, सूत्र तिला येतं, एका मोलमधल्या कणांचा तो ६.०२२ × १०^२३ आकडा झोपेत विचारलं तरी सांगेल, पण हे सगळं कशासाठी ते तिला उमजत नाही आणि नुसतं पाठ करायला ती तयार नाही. मी बीकॉम, केळीची बाग बघतो, मला विचारून उपयोग नाही. तिचे प्रश्न जसेच्या तसे देतो. वजन ग्रॅममध्ये मोजता येतंच ना, मग वरून मोल कशाला? हा एवढा वेडावाकडा आकडा कोणी ठरवला, सरळ १०^२४ का नाही धरला? आणि हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅम, साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅम, मग दोघांना "एक" कसं म्हणायचं? ती स्वतः धागा वाचणार आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहा ही विनंती.

नीट_सीईटी_जळगाव
काका, घाबरायचं काही नाही. दिलेलं वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान (म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन) केलं की मोल. मोल गुणिले ॲव्होगॅड्रो अंक (तोच ६.०२२ × १०^२३) केलं की कण. वायू असेल तर घनफळ भागिले २२.४. ही तीन सूत्रं आणि शंभर गणितं, महिनाभरात हात बसतो. आमच्या बॅचमध्ये कन्सेप्ट कन्सेप्ट करत बसलेली पोरं मागे पडतात आणि गणितं सोडवणाऱ्यांना कन्सेप्ट आपोआप कळतो, हे दरवर्षी बघतो.

अमळनेरकर_सर
सराव पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण ताईचे तिन्ही प्रश्न इतके नेमके आहेत की त्यांना सूत्र दाखवून गप्प करणं बरोबर नाही. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, आणि माझं ठाम मत आहे की आपण मोल उलटीकडून शिकवतो. पहिल्या दिवशी फळ्यावर तो २३ घातवाला आकडा लिहितो, पोरं त्या आकड्यालाच मोल समजतात आणि खरी गोष्ट बाजूला राहते. खरी गोष्ट अशी की अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात. मोल हा तोलून मोजण्याचा हिशोब आहे.

आकडा थोडा वेळ विसरा. हार्डवेअरच्या दुकानाचं बघा. एका बोल्टला एक नट लागतो. समजा एक बोल्ट २० ग्रॅमचा आणि एक नट ५ ग्रॅमचा. गिऱ्हाईक म्हणालं जेवढे बोल्ट तेवढेच नट द्या, तर दुकानदार मोजत बसत नाही. २० किलो बोल्ट तोलतो आणि ५ किलो नट तोलतो, नगाला नग बरोबर बसतो. आता गंमत बघा, त्याने २० किलो न तोलता २० पोती बोल्ट आणि तसल्याच वजनाची ५ पोती नट दिले तरी जोड्या बरोबरच लागणार. नग किती झाले हे माहीत असायची गरजच नाही, फक्त एका नगाचं वजन दुसऱ्याच्या किती पट आहे एवढं कळलं की झालं. आणि ज्याने ५ किलोला ५ किलो दिले त्याच्याकडे हजार नट आणि अडीचशे बोल्ट, म्हणजे साडेसातशे नट तसेच पडून.

रसायनात अगदी हेच चालतं. कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो, असा नगाला नग व्यवहार असतो, ग्रॅमला ग्रॅम नसतो. पण आपल्या टेबलावर काटा आहे तो ग्रॅम दाखवतो. कार्बनच्या अणूचं सापेक्ष वजन १२, ऑक्सिजनच्या रेणूचं ३२. म्हणून १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन दिला की एकही कण शिल्लक न राहता ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. कोणी १२ ग्रॅमला १२ ग्रॅम दिला तर? १२ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे १२ भागिले ३२, पाऊण मोलच्याही निम्मा, ०.३७५ मोल. तेवढ्यात ०.३७५ मोल कार्बनच जळेल म्हणजे साडेचार ग्रॅम, आणि साडेसात ग्रॅम कोळसा तसाच राहील.

ताईचा पहिला प्रश्न होता ग्रॅम असताना मोल कशाला. कारण काटा ग्रॅमची भाषा बोलतो आणि अभिक्रिया नगांची. दोघांचं एकमेकांशी बोलणं मोलशिवाय होत नाही. तिसऱ्याचं उत्तरही यातच आलं, २ ग्रॅम हायड्रोजन आणि ३४२ ग्रॅम साखर यांत "एक" आहे ती रेणूंची संख्या. साखरेचा एक रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १७१ पट जड आहे म्हणून तेवढ्याच नगांचं वजन १७१ पट भरलं, बाकी काही नाही.

धुळे_हार्डवेअर
सर हाई बराबर शे, तुम्ही मना धंदानीच गोट करी राहिनात. बोल्ट आम्ही किलोवरच विकतो. कोणाला २०० नग पाहिजे असले की १० नग काट्यावर टाकायचे, वजन बघायचं, २० ने गुणायचं आणि तेवढं तोलून द्यायचं. आता तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर नग मोजायचं बटणच येतं, १० नग ठेवून बटण दाबलं की पुढे तो ग्रॅमऐवजी डायरेक्ट नग दाखवतो. एकच अट, माल एका साईजचा पाहिजे, दोन कंपन्यांचे बोल्ट मिसळले की हिशोब बोंबलला. अणूंचं कसं असतं, सगळे एका वजनाचे असतात का?

अमळनेरकर_सर
भाऊ, फार मोलाचा प्रश्न विचारला. एका मूलद्रव्याचे सगळे अणू वजनाला सारखे नसतात, समस्थानिकं असतात. क्लोरिनचंच घ्या, निसर्गात साधारण तीन भाग ३५ वजनाचा आणि एक भाग ३७ वजनाचा क्लोरिन सापडतो, म्हणून पुस्तकात ३५.५ लिहिलेलं असतं. ३५.५ वजनाचा क्लोरिनचा एकही अणू जगात नाही, ती सरासरी आहे. पण कण इतके अफाट असतात आणि मिसळण इतकी एकसारखी असते की सरासरीवर चालवलेला हिशोब चुकत नाही. तुमच्या पोत्यातही दोन कंपन्यांचे बोल्ट ठरलेल्या प्रमाणात नीट मिसळलेले असते तर सरासरी वजनावर काम भागलं असतं. आणि तुमच्या काट्याचं ते बटण म्हणजेच मोलर वस्तुमान आहे, ग्रॅम आत टाकायचे आणि नग बाहेर काढायचे.

सावदेकर
सर, पोरीने दोनदा वाचलं. ते साडेसात ग्रॅम कोळसा उरतो ते तिने स्वतः पुन्हा करून बघितलं. आता तिचं म्हणणं, हे सगळं आकडा न वापरता झालं, मग आकडा आला कुठून?

अमळनेरकर_सर
हेच तिच्या तोंडून यायला पाहिजे होतं. आकडा नंतर आला, आणि बऱ्याच नंतर.

इटलीत व्हेर्चेल्ली शहरी ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडलं की तापमान आणि दाब सारखा असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या घनफळात रेणूंची संख्या सारखीच असते. संख्या सारखी असते एवढंच, किती असते हे त्यांना माहीत नव्हतं आणि १८५६ मध्ये ते वारले तोवर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचं म्हणणंही लोकांनी लगेच मानलं नाही, १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे रसायनतज्ज्ञांची परिषद भरली तिथे कॅनिझारो यांनी ते पुन्हा मांडलं तेव्हा कुठे अणुभारांचा गोंधळ मिटायला लागला. रेणूचा आकार केवढा याचा पहिला बरा अंदाज १८६५ मध्ये लोश्मिट यांनी बांधला आणि त्यावरून संख्या काढायची वाट मोकळी झाली. मग फ्रान्सच्या जाँ पेराँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची वळवळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजून तो आकडा काढला आणि १९०९ मध्ये त्याला ॲव्होगॅड्रोंचं नाव दिलं. पेराँना १९२६ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने पोरं हा आकडा पाठ करतात त्याने तो कधी बघितलाच नाही.

आता १०^२४ का नाही धरला. कारण आकडा कोणी निवडलाच नाही, निवडला गेला ग्रॅम. ठरलं होतं ते एवढंच की ज्या वस्तूचं अणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम ती वस्तू घेतली की तो एक मोल. कार्बन १२ तर १२ ग्रॅम. मग त्या १२ ग्रॅममध्ये अणू किती बसतात ते निसर्गाने ठरवलं. समजा रसायनशास्त्र जळगावच्या सराफ बाजारात जन्मलं असतं आणि ग्रॅमऐवजी तोळा धरला असता, तर मोल झाला असता १२ तोळे कार्बन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे आकडा आला असता जवळपास ७.०२ × १०^२४. आताच्या १० ग्रॅमी तोळ्याने ६.०२२ × १०^२४. पोरांनी तो पाठ केला असता, आणि एकाही अभिक्रियेचा हिशोब बदलला नसता. आकडा प्रचंड दिसतो तो अणूच्या मानाने ग्रॅम प्रचंड आहे म्हणून.

शेवटची गोष्ट, कारण जुन्या आणि नव्या पुस्तकांत व्याख्या वेगळी दिसते आणि पोरं गोंधळतात. मोल हे १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं सातवं मूलभूत एकक झालं तेव्हा व्याख्या होती कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू तितके कण. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायच्या परिषदेत ती उलटवली आणि २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, बस. आता आकडा पक्का आणि कार्बन-१२ चे १२ ग्रॅम हे मोजून बघायचं. फरक पडला का तर अब्जाव्या भागाच्याही आत, आपल्या वहीत शून्य. पण हे करण्यासाठी जे मोजमाप केलं ते वाचण्यासारखं आहे. सिलिकॉन-२८ चा जवळजवळ शुद्ध असा एक किलोचा गोळा घासून घासून इतका गोल केला की त्याचं घनफळ अचूक काढता यावं, क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर मोजलं, आणि घनफळाला एका अणूच्या वाट्याच्या जागेने भागून अणूंची संख्या काढली. सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा तो गोळा म्हणजे माणसाने प्रत्यक्ष अणू "मोजले" त्याचा पुरावा. मला याचा फार अभिमान वाटतो, माणूस म्हणून.

नंदुरबारी_अकरावी
सर माझा पण एक प्रश्न. ऑक्सिजनचा एक मोल १६ ग्रॅम की ३२ ग्रॅम? एका पुस्तकात १६ ने भागलंय आणि दुसऱ्यात ३२ ने आणि दोन्हीकडे उत्तर बरोबर म्हणतात

नीट_सीईटी_जळगाव
हे मी सांगतो, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. मोल म्हटलं की लगेच विचारायचं, कशाचा मोल. ऑक्सिजन अणूंचा मोल १६ ग्रॅम, ऑक्सिजन वायूचा म्हणजे रेणूंचा मोल ३२ ग्रॅम. दोन्ही बरोबर. प्रश्नात "ऑक्सिजन वायू" किंवा "रेणू" शब्द शोधा. ओझोनचा मोल ४८. आणि मिठाला रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोराइड आयनांची जाळी असते, तिथे सूत्र-एकक धरायचं, ५८.५ ग्रॅम म्हणजे एक मोल मीठ, त्यात एक मोल सोडियम आयन आणि एक मोल क्लोराइड आयन. एकूण आयन विचारले तर दोन मोल. वरती काकांना मी तीन सूत्रं दिली, त्यात ही चौथी ओळ सगळ्यात वर लिहा.

अमळनेरकर_सर
अगदी बरोबर. या ओळीसाठी धन्यवाद सर, यात आपलं एकमत आहे.

भडगावकर
राम राम. मी लिंबू बागायतदार, तुमची चर्चा वाचून एक गोष्ट डोक्यात आली ती विचारतो. आम्ही झाडावरच्या बुरशीसाठी फवारायला बोर्डो मिश्रण करतो, एक टक्का. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या टाकीत निम्म्या पाण्यात विरघळवायचं, लोखंडी भांडं अजिबात चालत नाही, चुना वेगळा विझवून गाळून बाकीच्या पाण्यात, आणि मग दोन्ही सोबतच तिसऱ्या टाकीत ओतत लाकडी काठीने ढवळत राहायचं, आकाशासारखा निळा रंग येतो. फवारायच्या आधी घासलेला लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवून काढायचा, पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला, आणखी चुन्याची निवळी टाकायची, नाहीतर पानं करपतात. हे सगळं वडिलांपासून करत आलो. प्रश्न असा की किलोला किलो टाकतो म्हणजे नगाला नग झालं का? बोल्टच्या हिशोबाने तर नाही वाटत

अमळनेरकर_सर
आबा, तुमचा हा प्रश्न मी उद्या वर्गात घेणार. नगाला नग अजिबात नाही, आणि नाही हेच बरं आहे.

मोरचुदाचं मोलर वस्तुमान जवळपास २५०. पण त्या निळ्या खड्यात तांब्याच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात, त्यांचे ९० धरून २५०. म्हणजे तुम्ही आणलेल्या १ किलो मोरचुदात ३६० ग्रॅम निव्वळ पाणी आणि तांबं फक्त २५४ ग्रॅम. मोलमध्ये १००० भागिले २५०, चार मोल. कळीच्या चुन्याचं मोलर वस्तुमान ५६, १००० भागिले ५६ म्हणजे जवळपास १८ मोल. चार मोल तांब्याला बसवायला फार तर चार मोल चुना पुरतो, तुमच्या टाकीत १८. साडेचारपट.

आता एवढा जादा कशाला. बाजारातला चुना शंभर टक्के चुना नसतो, दगडगोटे असतात, आणि उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन पुन्हा चुनखडीच होतो, ती तांब्याला तशी कामाची नाही. तुमच्या १८ मोलपैकी खरोखर कामाला येणारे किती हे गोणी बघून कळत नाही म्हणून प्रमाण ढिलं ठेवलंय. पण जुना, पार मेलेला चुना असेल तर साडेचारपटही कमी पडू शकतो, आणि तेव्हा तुमचा विळा सांगतो. मोकळं तांबं द्रावणात शिल्लक असेल तर लोखंड त्याला ढकलून स्वतः विरघळतं आणि तांबं पात्यावर बसतं. लोखंडाचा एक अणू जातो, तांब्याचा एक अणू येतो. तो तांबूस थर म्हणजे टाकीत तांब्याच्या नगांना चुन्याचे नग पुरले नाहीत याची सही आहे. लोखंडी भांडं चालत नाही त्याचंही कारण हेच, भांडंच तांबं ओढून घेईल.

भडगावकर
३६० ग्रॅम पाणी विकत घेतो हे आजच कळलं. आणि चुना ताजाच का घ्यावा ते पण.

लॅबताई_चाळीसगाव
मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, माझ्याकडूनही थोडं. मुलांना मोल पुस्तकात नाही कळत, ब्युरेटवर, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या खुणांच्या काचनळीवर कळतो. ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, कॉस्टिक सोडा करायचा म्हणजे लिटरला ४ ग्रॅम, कारण सोडियम हायड्रॉक्साइडचं मोलर वस्तुमान ४०. मुलं ४ ग्रॅम तोलतात, लिटरच्या प्रमाणित फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत पाणी करतात आणि समजतात ०.१ मोलर झालं. होत नाही. त्या पांढऱ्या गोळ्या काट्यावर ठेवल्या ठेवल्या ओलसर चकचकीत दिसायला लागतात, हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात, म्हणजे काटा ४ ग्रॅम दाखवतो ते ४ ग्रॅम कॉस्टिक नसतंच. धुळ्याच्या दादांनी सांगितलं ना माल एकसारखा पाहिजे, तसंच आहे.

म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडशी पडताळतात. ते कोरडं, स्थिर, वजनाला विश्वासू. मोलर वस्तुमान १२६, स्फटिकातल्या दोन पाण्यांसकट. २५० मिलिलिटरला १.५७५ ग्रॅम घेतलं की ०.०५ मोलर. त्यातलं पिपेटने १० मिलिलिटर शंकूपात्रात, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि ब्युरेटमधून कॉस्टिक थेंब थेंब. गुलाबी चमकतं आणि हलवलं की जातं, चमकतं आणि जातं, मग एका थेंबाला पूर्ण पात्रात फिकट गुलाबी टिकतं, तिथे थांबायचं. गडद गुलाबी आला म्हणजे पुढे गेलात. समजा रीडिंग आलं १०.४. ऑक्झॅलिकचे १० मिलिलिटर म्हणजे ०.५ मिलिमोल, एका रेणूला कॉस्टिकचे दोन लागतात म्हणून कॉस्टिक १ मिलिमोल, तो १०.४ मिलिलिटरमध्ये होता, म्हणजे द्रावण ०.०९६ मोलर. काट्याने सांगितलं ०.१, नगांनी सांगितलं ०.०९६, आणि नगांचं खरं. मुलांना मी हेच सांगते की त्या एका थेंबाला तुम्ही रेणू मोजलेत. ज्याने ब्युरेट मनापासून चालवली त्याला मोल पुन्हा समजावून सांगावा लागत नाही, अजून तरी लागला नाही.

भुसावळ_४६_डिग्री
वायूचं २२.४ लिटर कुठेही चालतं का? आमच्या पुस्तकात २२.४ आहे आणि भावाच्या एनसीईआरटीत २२.७ आहे

नीट_सीईटी_जळगाव
कुठेही नाही चालत, हा पण मार्क खाणारा मुद्दा. २२.४ लिटर हे शून्य अंश आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला, २२.७ हे शून्य अंश आणि १ बार दाबाला. दोन्ही शून्य अंशाचे. तापमान वाढलं की वायू पसरतो, केल्विनच्या प्रमाणात. तुमच्या भुसावळच्या मे महिन्यातल्या ४५ अंशाला तोच एक मोल २२.४ गुणिले ३१८ भागिले २७३, म्हणजे २६ लिटरच्या वर जातो. रेणू तितकेच, ऐसपैस झाले एवढंच. प्रश्नात एसटीपी (प्रमाणित तापमान आणि दाब) लिहिलं नसेल तर २२.४ ला हात लावू नका. आणि घन द्रव पदार्थाला तर चुकूनही नाही, पाण्याचा एक मोल १८ मिलिलिटर असतो, चार चमच्यांच्याही आत, आणि पोरं तिथेही २२.४ ने भागतात.

सावदेकर
सर्वांचे मनापासून आभार. एक घडलं ते सांगतो. काल खताच्या गोण्या आल्या, पोरगी गोणीवरचे टक्के वाचत होती आणि म्हणाली पप्पा हे मोलने काढता येईल. युरियाचा रेणू, त्यात नायट्रोजनचे दोन अणू, २८. रेणूचं वजन ६०. २८ भागिले ६०, ४६.७ टक्के. गोणीवर ४६ लिहिलंय. मग अमोनियम सल्फेट, त्यातही नायट्रोजनचे दोनच अणू, तेच २८, पण रेणू १३२ चा, म्हणून २१ टक्के. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतका नायट्रोजन पाहिजे असेल तर अमोनियम सल्फेट जवळपास १०० किलो लागेल, दोन गोण्या. मला इतकी वर्षं वाटायचं ४६ आणि २१ हे कंपनीने ठरवलेले ग्रेड आहेत, काहीतरी पातळ करून विकतात. सर हे बरोबर आहे ना? आणि गोणीवर ४६.७ का नाही लिहीत?

अमळनेरकर_सर
शंभर टक्के बरोबर, ताईला शाब्बासकी सांगा. ४६.७ हा अगदी शुद्ध युरियाचा. कारखान्यातल्या युरियात थोडा ओलावा आणि थोडं बाययुरेट असतं म्हणून ४६. अमोनियम सल्फेट मात्र निव्वळ नायट्रोजनसाठी महाग पडलं तरी त्यात गंधकही मिळतं, तुलना करताना ते सोडू नका. गंधकाचा एक अणू ३२, ३२ भागिले १३२, २४ टक्के. तेही ताईकडून काढून घ्या.

यावल_केळी
मग पांढऱ्या पोटॅशचं पण सांगा ना सर, आम्ही ड्रिपमधून सोडतो. गोणीवर ६० लिहिलेलं असतं. ते पोटॅशियम क्लोराइड आहे म्हणतात, मी ३९ भागिले ७४.५ केलं तर ५२ टक्केच येतं, शुद्ध धरलं तरी. ५२ च्या वर जाऊच शकत नाही तर ६० कसं लिहितात?

अमळनेरकर_सर
दादा, तुमचं गणित चोख आहे आणि शंकाही रास्त आहे. गोणीवरचे ६० टक्के पोटॅशियमचे नाहीतच, ते पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशोबात लिहायची जुनी रीत आहे, जगभर तशीच चालते. गोणीत ऑक्साइडचा कणही नसतो. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, ७८ अधिक १६ म्हणजे ९४. क्लोराइडचे दोन मोल, १४९ ग्रॅम, घेतले तर त्यातल्या पोटॅशियमपासून ऑक्साइडचा एक मोल, ९४ ग्रॅम, झाला असता. ९४ भागिले १४९, ६३ टक्के, हा शुद्ध क्लोराइडचा कमाल आकडा, म्हणून व्यापारी मालावर ६० येतं. आता खरं पोटॅशियम काढायचं तर ऑक्साइडच्या ९४ मध्ये पोटॅशियम ७८, म्हणजे ०.८३ ने गुणायचं. ६० गुणिले ०.८३, जवळपास ५०. म्हणजे ५० किलोच्या गोणीत झाडाला मिळणारं पोटॅशियम २५ किलोच्या आसपास. स्फुरदाचंही असंच आहे, ते फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये लिहितात, त्यात फॉस्फरस १४२ पैकी ६२, म्हणजे गोणीवरच्या आकड्याला ०.४४ ने गुणा. डीएपीवर ४६ लिहिलेलं असतं ते फॉस्फरस म्हणून धरलं तर २० टक्केच आहे. नायट्रोजन तेवढा सरळ नायट्रोजन म्हणून लिहितात, त्याला काही गुणायचं नाही.